वंशसंहाराचा प्रतिबंध आणि विद्यार्थ्यांची उमेदवारी : कंबोडियाच्या इतिहासाचा धडा

पाली अट्ठकथांमध्ये शाक्यकुळाच्या विनाशाची हकीकत आली आहे. कोसलनरेश पसेनदीने शाक्यांकडे कन्येची मागणी केली, तेव्हा कुलाभिमानी शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया ही कन्या राजकन्या म्हणून पाठविली. तिचा पुत्र विडूडभ पुढे आपल्या आजोळी, कपिलवस्तूस गेला. तो परत फिरताच ज्या आसनावर तो बसला होता ते आसन दासीकरवी दूधपाण्याने धुऊन घेण्यात आले. ही वार्ता त्याच्या कानी गेली आणि राज्य हाती येताच तो सैन्यासह शाक्यांवर चालून गेला. तथागत तीन वेळा सीमेवर जाऊन एका विरळ सावलीच्या वृक्षाखाली बसले आणि तिन्ही वेळा विडूडभ माघारी वळला. चौथ्या वेळी मात्र संहार झाला. अट्ठकथाकार त्याचे कारण शाक्यांच्या पूर्वकर्मात शोधतात. बाबासाहेबांनी दिलेल्या दृष्टीने वाचणाऱ्यास ते कारण त्याच कथेत, त्या धुतलेल्या आसनात, स्पष्ट दिसते.

या हकीकतीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. संहाराचा आरंभ शस्त्राने होत नाही, माणसाला अपवित्र ठरविण्याने होतो, ही पहिली. तथागत युद्ध संपल्यावर नव्हे, तर सैन्याने सीमा ओलांडण्यापूर्वी तेथे गेले, ही दुसरी. संहार होण्यापूर्वी त्याची चाहूल घेऊन तो थोपविण्याच्या या कार्यासच आज ‘वंशसंहाराचा प्रतिबंध’ असे म्हणतात. गेल्या तीन दशकांत या कार्याचा पुष्कळसा भार विद्यार्थ्यांनी उचलला आहे. कारागिराच्या हाताखाली शिकाऊ मुलगा जशी उमेदवारी करतो, तशी उमेदवारी, म्हणजे आजच्या शब्दात इंटर्नशिप, कायदा, इतिहास आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी दस्तऐवज केंद्रांत, न्यायासनांत आणि संशोधन संस्थांत करीत असतात. हे काम वरकरणी कारकुनी दिसते. त्याचे मोल काय आणि मर्यादा कोणती, याचा विचार कंबोडिया या बौद्ध देशाच्या इतिहासाच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

‘वंशसंहार’ या अर्थाची आंतरराष्ट्रीय संज्ञा ज्याने घडविली तो राफाएल लेमकिन हा पोलंडमधील ज्यू कायदेपंडित होता. ओटोमन साम्राज्याचा माजी गृहमंत्री तलात पाशा याची १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने हत्या केली. तलात पाशा हा आर्मेनियन लोकांच्या संहाराचा एक प्रमुख सूत्रधार होता. लेमकिन तेव्हा तरुण होता. पुढे ल्वोव येथे कायद्याचा विद्यार्थी असताना त्याने आपल्या प्राध्यापकांना विचारले की, एका माणसाला मारणाऱ्यावर खटला चालतो, मग लाखोंना मारविणाऱ्यावर तो का चालत नाही? सार्वभौम राज्य आपल्या प्रजेचे काय करते याबद्दल त्यास जाब विचारणारा कायदा नाही, असे उत्तर त्यास मिळाले. या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. नाझी राजवटीत त्याचे बहुतेक कुटुंबीय मारले गेले. १९४४ साली त्याने ही संज्ञा प्रथम ग्रंथबद्ध केली आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार संमत केला. कंबोडियाने तो १९५० साली आणि भारताने १९५९ साली स्वीकारला.

या कराराच्या शीर्षकात ‘प्रतिबंध’ हा शब्द आधी आणि ‘शिक्षा’ हा शब्द नंतर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र प्रतिबंध अनेक दशके कागदावरच राहिला.

शिकलेल्यांनी केलेला संहार

कंबोडियाचा संहार अडाणी टोळ्यांनी केला असा समज असेल, तर तो दूर केला पाहिजे. पोल पॉट या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला सालोथ सार १९४९ साली सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला आणि १९५३ साली पदवी न घेताच परतला. इएंग सारी आणि सोन सेन हेही पॅरिसमध्ये शिकले. ख्यु सम्फान याने तर १९५९ साली पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःखनिवारणाचे ध्येय दोघांचे जवळचे असले तरी हिंसेचे साधन टिकाऊ नाही, मन पालटणे हाच बुद्धांचा मार्ग होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्याच सुमारास सालोथ सार नोम पेन्हमधील एका खाजगी शाळेत शिक्षक होता. साधनांचा विवेक सोडल्यास विद्या कोठवर जाऊ शकते, याचे उत्तर पुढील वीस वर्षांत त्याच शहराने पाहिले.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्य नोम पेन्हमध्ये शिरले. ७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली. या तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवसांत सुमारे ऐंशी लाख लोकसंख्येच्या देशातील १५ ते २० लाख माणसे उपासमार, अतिश्रम, रोग आणि हत्या यांना बळी पडली. भिक्खूंची चीवरे उतरविण्यात आली, त्यांना शेतमजुरीस जुंपण्यात आले, अनेकांना ठार मारण्यात आले. संघनायक हुओत तात यांची १९७५ सालीच हत्या झाली. विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. १९३० साली नोम पेन्ह येथे स्थापन झालेल्या बौद्ध संस्थेने पाली तिपिटकाचे ख्मेर भाषांतर ११० खंडांत १९६९ साली पुरे केले होते. दशकभराच्या आतच ते वाचणारा संघ देशात उरला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये सात भिक्खूंना पुन्हा उपसंपदा देण्यात आली आणि तेथून कंबोडियाच्या संघाचा नवा आरंभ झाला.

राजधानीतील एका शाळेचे एस-२१ या गुप्त तुरुंगात रूपांतर झाले. आज ते स्थान त्वोल स्लेंग संग्रहालय म्हणून ओळखले जाते. त्याचा प्रमुख काइंग गेक एआव उर्फ दुच हा पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक होता. त्याच्या हाताखालचे पहारेकरी बहुतांशी खेड्यांतून आणलेली कोवळ्या वयाची मुले होती. येथे आणलेल्या किमान १२,००० हून अधिक कैद्यांपैकी मोजकेच जिवंत राहिले. प्रत्येकाचे छायाचित्र घेतले जाई, जीवनवृत्त लिहून घेतले जाई, छळ करून कबुलीजबाब लिहवून घेतला जाई आणि त्याच्या समासात वरिष्ठांचे शेरे पडत. गणिताच्या शिक्षकाने ही नोंदवही नीटनेटकी ठेवली होती. त्या तरुणांनीही एक प्रकारची उमेदवारीच केली, परंतु ती शीलावाचून होती. शीलावाचून विद्या हे शस्त्र होय, या बाबासाहेबांच्या विचाराचे याहून भयंकर उदाहरण शोधावे लागणार नाही.

कागद सांभाळणारे तरुण

राजवट कोसळली तरी न्यायाचा मार्ग खुला झाला नाही. शीतयुद्धाच्या राजकारणामुळे संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा पुढेही वर्षानुवर्षे पदच्युत राजवटीच्या आणि तिच्या आघाडीच्या प्रतिनिधीकडेच राहिली. अशा काळात १९८० साली ग्रेगरी स्टॅन्टन हा येल विद्यापीठातील कायद्याचा विद्यार्थी मदतकार्यासाठी कंबोडियात गेला. उघडी पडलेली प्रेतांची थडगी त्याने पाहिली आणि परतल्यावर पुरावे जमविण्याचा प्रकल्प उभा केला. एखाद्या राष्ट्राने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावे यासाठी त्याने खटपट केली, परंतु कोणतेही राष्ट्र पुढे आले नाही. अखेर १९९४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कंबोडियातील वंशसंहाराच्या न्यायासंबंधी कायदा केला आणि त्यातून येल विद्यापीठास अनुदान मिळाले. १९९५ साली विद्यापीठाने नोम पेन्ह येथे आपले कार्यालय उघडले. तेच १९९७ पासून ‘कंबोडिया दस्तऐवज केंद्र’ या नावाने स्वतंत्र संस्था झाले. त्याचे संचालक युक छांग हे स्वतः त्या संहारातून किशोरवयात वाचलेले आहेत.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की, तेथील काम मुख्यतः कंबोडियाच्याच तरुणांनी केले. संहार पाहिलेली पिढी बोलू इच्छीत नव्हती आणि त्यानंतर जन्मलेली पिढी विश्वास ठेवीत नव्हती. अशा दोन पिढ्यांच्या मध्ये हे तरुण बसले. जीर्ण कागद वेगळा करावा, तारीख लावावी, नावाचे शुद्धलेखन पडताळावे, सूचीत क्रमांक द्यावा, हा त्यांचा दिनक्रम होता. काहीजण प्रांतोप्रांती हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेत, तर काहीजण उपग्रहाच्या साहाय्याने जागा निश्चित करणाऱ्या उपकरणाने दफनाचे खड्डे नकाशावर नोंदवीत. या नोंदणीतून सुमारे २०,००० खड्डे आणि जवळजवळ २०० तुरुंग उजेडात आले. २००० सालापासून केंद्राने सत्यशोधनास वाहिलेले मासिक काढले. त्यात हरवलेल्या नातलगांचा शोध घेणारी पत्रेही छापली जात. राजधानीतील विद्यापीठांचे विद्यार्थी स्वयंसेवक खेड्यांत जाऊन होऊ घातलेल्या न्यायासनाचा कायदा लोकांना समजावून देत. सुटीच्या दिवसांत परदेशी विधी महाविद्यालयांचे विद्यार्थीही येत आणि एकेका कायदेशीर प्रश्नावर टिपणे तयार करीत.

या उमेदवारीत विद्यार्थी काय शिकतो, हे एका उदाहरणावरून कळेल. एस-२१ मधील कबुलीजबाब छळाखाली घेतलेले आहेत. त्यांत माणसे आपण परकीय हेर असल्याचे सांगतात. ते खरे मानणे म्हणजे छळ करणाऱ्यावर विश्वास ठेवणे होय. परंतु त्याच कागदाच्या समासातील शेरा, तारीख आणि स्वाक्षरी यांवरून तो कागद कोणाच्या हाती गेला आणि कोणास ठाऊक होते, हे सिद्ध होऊ शकते. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारही हाच भेद करतो. छळाने मिळविलेले निवेदन पुरावा म्हणून चालत नाही, मात्र छळ झाल्याचा पुरावा म्हणून ते चालते. नोम पेन्हच्या न्यायासनात हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला आणि न्यायासनाने हा भेद पाळला. कोणत्या वचनावर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाही, याची परीक्षा करून पाहण्याचा जो उपदेश तथागतांनी कालामांना केला, त्याचाच हा अभ्यास होय.

संयुक्त राष्ट्रे आणि कंबोडिया यांच्यात २००३ साली करार होऊन हे विशेष न्यायासन २००६ मध्ये कार्यास लागले. केंद्राने जमविलेली लक्षावधी पृष्ठे त्यापुढे गेली. २६ जुलै २०१० रोजी दुच यास दोषी ठरविण्यात आले आणि २०१२ साली अपिलात त्यास जन्मठेप झाली. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी नुओन चेआ आणि ख्यु सम्फान यांच्याविरुद्ध निर्णय लागला. व्हिएतनामी समाजाचा वंशसंहार केल्याबद्दल दोघांनाही, आणि चाम मुस्लिमांच्या वंशसंहाराबद्दल नुओन चेआ यास दोषी धरण्यात आले. त्राम काक येथील सहकारी वसाहतींत बौद्धांचा धर्माच्या कारणावरून छळ झाला, हेही न्यायासनाने नोंदविले. चीवर उतरवलेल्या भिक्खूंची कथा अशा रीतीने न्यायनिर्णयात लिहिली गेली. तरुणांनी क्रमांक दिलेल्या कागदांचा या नोंदीत वाटा आहे.

न्यायाबरोबर शिक्षणही आलेच. दीर्घकाळ तेथील शालेय पुस्तकांत या संहाराविषयी नाममात्र मजकूर होता. २००२ साली तर बारावीचे पाठ्यपुस्तक राजकीय वादामुळे मागे घेण्यात आले. केंद्रातील खाम्बोली दी या तरुण संशोधकाने या राजवटीचा इतिहास शाळांसाठी लिहिला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. लेखक स्वतः राजवट कोसळल्यानंतर जन्मलेला होता. ज्याने संहार पाहिला नाही त्याने तो अभ्यासाने जाणून पुढच्या पिढीस सांगितला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

नोंदीकडून इशाऱ्याकडे

झालेल्या संहाराची नोंद म्हणजे प्रतिबंध नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु कंबोडियाच्या अनुभवातूनच पुढचे पाऊल पडले. स्टॅन्टन याने १९९६ साली वंशसंहाराचे आठ टप्पे मांडले आणि पुढे ते दहा केले. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी, त्यांना चिकटविलेली खूण, भेदभाव, माणूसपण नाकारणे, संघटन, समाजाचे ध्रुवीकरण, तयारी, छळ, संहार आणि अखेरीस नकार, असा हा क्रम आहे. १९९९ साली त्याने स्थापन केलेल्या ‘जेनोसाइड वॉच’ या संस्थेत विद्यार्थी उमेदवारी करतात. वृत्तपत्रे, कायदे, पुढाऱ्यांची भाषणे वाचून कोणत्या देशात कोणता टप्पा दिसतो याचे अहवाल ते तयार करतात. २००४ साली संयुक्त राष्ट्रांनीही वंशसंहाराच्या प्रतिबंधासाठी विशेष सल्लागाराचे पद निर्माण केले आणि हुआन मेंडेझ यांची त्यावर प्रथम नियुक्ती झाली.

येथे आपणा बौद्धांना एका कटू सत्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. कंबोडियात बौद्ध हे बळी होते. म्यानमारमध्ये, बहुसंख्य बौद्धांच्या देशात, रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यांत चीवरधारीही होते. २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. २०१८ साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने बर्कले येथील विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्राबरोबर फेसबुकवरील बर्मी मजकुराची तपासणी केली. विद्यार्थ्यांना अशा शोधकार्यात तयार करणे, हे या केंद्राचे एक नित्याचे काम आहे. रोहिंग्यांना कुत्रे, किडे म्हणणारी आणि त्यांना मारण्याची भाषा करणारी एक हजाराहून अधिक उदाहरणे त्या तपासणीत सापडली. माणसाला किडा म्हणणे हा टप्पा आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. परंतु हा शब्द कोणाच्या तोंडून येतो हे न पाहता त्याची नोंद करणे, स्वधर्मीयाच्या तोंडून आला तर अधिक काटेकोरपणे करणे, ही या उमेदवारीची खरी कसोटी होय.

मर्यादा आणि मोल

इशारा दिला म्हणजे संहार टळतो असे नाही. ११ जानेवारी १९९४ रोजी रवांडातील शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी संहाराच्या तयारीची खबर संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयास तारेने कळविली होती. शस्त्रसाठे जप्त करण्यास त्यांना अनुमती मिळाली नाही आणि एप्रिलमध्ये संहारास आरंभ झाला. तेथे माहितीची उणीव नव्हती, इच्छेची होती. जेथे सेनापतीच्या इशाऱ्यास उत्तर मिळाले नाही, तेथे विद्यार्थ्याच्या अहवालास कोण विचारणार?

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने दिले आहे. २६ फेब्रुवारी २००७ रोजी बॉस्निया विरुद्ध सर्बिया या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे ठरविले की, वंशसंहाराचा गंभीर धोका आहे हे राज्यास कळले, किंवा कळावयास हवे होते, त्या क्षणापासून तो रोखण्याचे कर्तव्य सुरू होते. स्रेब्रेनित्सा येथील संहार रोखण्यात कसूर केल्याबद्दल सर्बियास दोष देण्यात आला. ‘आम्हास ठाऊक नव्हते’ ही सबब यामुळे दुबळी झाली. जो विद्यार्थी द्वेषाचे भाषण तारखेसह नोंदवितो, जो भेदभावाचा कायदा नजरेस आणतो, तो सैन्य थांबवू शकत नाही. परंतु तो राज्यकर्त्यांचे अज्ञान हिरावून घेतो. त्याच्या कामाचे मोल येथे आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात उमेदवारी करणाऱ्यास वेतन मिळत नाही, आणि न्यूयॉर्क वा जिनिव्हा येथे स्वखर्चाने सहा महिने राहणे गरीब घरच्या मुलास शक्य नसते. परिणामी ज्यांच्या समाजावर संहाराची छाया पडते त्यांचीच मुले या दारापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्यांच्या दुःखाचे अहवाल इतरांची मुले लिहितात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने १९१३ साली एक तरुण कोलंबिया विद्यापीठात पोहोचला, तेव्हा अस्पृश्यतेचा अभ्यास स्वतः अस्पृश्यता भोगलेल्याने करणे म्हणजे काय, हे जगाला दिसले. नोम पेन्हच्या केंद्राचे यश याच कारणासाठी मोठे आहे. तेथे वाचलेल्यांच्या मुलांनीच आपल्या आईवडिलांचे कागद वाचले.

भदंत महाघोसानंद यांचे शिक्षण नालंदा येथे झाले होते. कंबोडियातून निसटलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत ते गेले, तेव्हा त्यांनी प्रथम धम्मपदातील वैराविषयीची गाथा म्हटली. १९९२ साली युद्ध पुरते थांबलेले नसताना त्यांनी थायलंडच्या सीमेपासून नोम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. मैत्री आणि नोंद या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. मैत्रीवाचून केलेली नोंद सूडाचे साधन होते, आणि नोंदीवाचून केलेली मैत्री विस्मरणाला क्षमा समजते. म्हणून या कामासाठी उमेदवार निवडताना त्याच्या गुणपत्रिकेबरोबर त्याचे शीलही पाहिले पाहिजे. आणि आपल्या विहारांशी जोडलेल्या अभ्यासकेंद्रांनी आपल्या मुलामुलींना कायदा, भाषा आणि दस्तऐवजाची परीक्षा शिकवून, त्यांच्या निर्वाहाची तरतूद करून, या कार्याकडे पाठविले पाहिजे. विरळ सावलीच्या त्या वृक्षाखाली बसावयास माणसे लागतात, आणि ती वेळेपूर्वी तयार करावी लागतात.